वकीलबाईंची किल्ली

स्क्रीनवर हिरवा ठिपका लागला. वकीलबाईंचा फोन ऑफिसच्या नेटवर्कला जोडला गेला होता. पण बाई बीडच्या कोर्टात होत्या, आणि घाईत विसरलेला त्यांचा फोन इथं चौसाळ्यात, ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आमेरच्या समोर, बंद पडलेला होता.

बाकावर लिंबागणेशची बायनाबाई बसली होती. ऊसतोडीच्या टोळीत मुकादमानं माणूस मारला, ते तिनं पाहिलं होतं. तसं सांगणारे तिच्यासकट अकरा जण होते आणि मुकादमाला अजून एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. मागच्या महिन्यात ऑफिसचं कुलूप कुणीतरी फोडू पाहिलं. मग बाईंनी सगळे जबाब क्लाउडवर ठेवले, आणि तिथवर जाणारा बंदिस्त रस्ता, व्हीपीएन, आमेरनं जोडून दिला. त्याची किल्ली म्हणजे एक क्यूआर कोड. फोननं टिपला की दार उघडलं. त्याचा एकच कागद छापून त्यानं कारकून राधाकिशनकाकांकडे जपून ठेवायला दिला होता.

"माजं नाव कुटं जानार न्हाई ना, बाबा?" बायनाबाईनं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"न्हाई मावशी," आमेर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच पटला नाही.

तो काकांकडे वळला. "काका, तो कागद कुठंय?"

काका खुलले. बिचारे परवापासून या कौतुकाचीच वाट पाहत होते. आपल्याकडे बोअरला पाणी लागलं तरी बॅनर लागतो. मग ऑफिसात एवढी मोठी गोष्ट झाली तर काका गप्प कसे बसतील?

"कागद कपाटात हाय की! पर कोड कपाटात ठिवून काय उपेग, आमेरभाई? पानटपरीवाला सुदिक दर्शनी लावतो. म्या चौकात इस फुटी बॅनर लावलाय. मदी बाईंचा फोटू, बाजूला तुमचा कोड. लई लोक थांबून फोटू काढायलेत."

आमेरची पाचावर धारण बसली. त्यानं झडप घालून ऑफिसच्या नेटवर्कची वायर उपटली. मोबाइलच्या नेटवर चालणाऱ्या त्याच्या लॅपटॉपवर हिरवा ठिपका तसाच राहिला. जबाब या खोलीत नव्हतेच, आणि तो बंदिस्त रस्ताही थेट क्लाउडवर जात होता.

ते दार बंद करायला तो क्लाउडचा पासवर्ड टाकू लागला. बाजूला, कोण काय उघडतंय त्याची यादी सरकत होती. दहा जबाब उघडून झाले होते.

"बाबा, घाम कावून फुटला?" बायनाबाई पदर सावरत जवळ आली आणि तिनं यादीत नुकत्याच आलेल्या अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. "अन् ह्ये माजंच नाव हाय ना?"