बिनरंगी

"वता की! हात आकडला का सावकार?" सिदू खोळीतून ओरडला.

सिद्धेश्वराच्या जत्रेत, भर गड्ड्याच्या मैदानावर, सिदू धनगर घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन मांडी घालून बसला होता. दरसाल त्याचं हेच. पटका काढून बाजूला ठेवायचा, गिऱ्हाइकाच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचा आणि म्हणायचं, डोस्कं भिजलं तर घोंगडं फुकट न्या! मेंढरं घरची, सूत बायकोनं, केराबाईनं कातलेलं, विणकाम त्याचं. काळा रंग मेंढराच्या अंगचा, वरून लावलेला नाही. तांबूस लोकर काळी रंगवून खपवणारे बाजारात चिक्कार होते, म्हणून तर सिदूच्या घोंगड्याचं नाव होतं.

मैंदर्गीचे गुरुसिद्धप्पा आपल्या दुकानासाठी अख्खी थप्पीच उचलायला आले होते. पण व्यापारी माणूस, संशयी. त्यांनी तांब्या खाली ठेवला, शेजारची भरली घागर उचलली आणि सिदूच्या तोंडावरच रिकामी केली. आता समोरून पाणी आल्यावर घोंगडं बिचारं काय करणार? पाणी कपाळावरून आत शिरलं आणि सिदूच्या दोन्ही कानशिलांवरून काळे ओघळ गालावर उतरले.

"यप्पा! रंग सुटला की हो!" गुरुसिद्धप्पा मागं सरले.

पलीकडं बिरप्पानं घोंगड्यांचंच दुकान लावलं होतं. त्याला तेवढंच पाहिजे होतं. "बगा रं, बगा! सिदूचं घोंगडं रंग सोडतंय!" त्यानं हाळी दिली. जत्राच ती, कोंडाळं व्हायला कितीसा वेळ?

सिदूनं गालावर बोट फिरवलं, काळं निघालं. सकाळीच न्हाव्यानं त्याच्या डोक्यामिशांना कलप चोपडला होता, काजळी आणि तेलाचा, स्वस्तातला. पाणी लावू नका म्हणून बजावलंही होतं. पण खोळ घेतली की पाणी मागायचं, ही जन्माची सवय. तेवढ्यापुरती अक्कल कुठं चरायला गेली कोण जाणे.

कलपाचं हे खूळ गेल्या जत्रेपासूनचं. घोंगडं घेता घेता एका बाईनं केराबाईला विचारलं होतं, "वडील का गं हे तुझे?" आणि केराबाई पदर तोंडाला लावून हसली होती. झालं एवढंच. पण ते हसू सिदूला कुसळासारखं रुतलं ते रुतलंच.

आता त्यानं नुसतं गप्प बसायचा अवकाश, केसांची झाकली मूठ राहिली असती आणि घोंगड्याचं नाव मातीत गेलं असतं. त्यानं केराबाईकडं पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर तिचं घोंगडं वाचलं असतं. पण नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं कसं? ती थप्पीवर हात ठेवून उभी होती. कातून कातून घट्टे पडलेला हात. डोळे भरून आले होते. सिदूला स्वतःचीच लाज वाटली.

तो उठला. खोळ काढून बाजूला टाकली.

"घोंगड्याचा न्हाय ह्यो रंग. माज्या डोस्क्याचा हाय! कलप लावतुया मी, कलप!"

हशा उसळला. "आरं, नवरदेव व्हायचंय म्हाताऱ्याला!" बिरप्पा खिंकाळला. सिदूनं लोकांना पोटभर हसू दिलं. मग तिथंच उकिडवा बसला.

"केरा, वत पानी."

केराबाईनं पाणी ओतलं. शेजारच्या दुकानातून साबणाची वडी आणली आणि भर जत्रेत, ओळखीपाळखीची माणसं बघत असताना, आपल्या हातानं नवऱ्याचं डोकं आणि मिशा खसाखसा चोळल्या. पहिलं पाणी काळं आलं, मग राखाडी, मग नितळ. खाली केस निघाले ते ज्वारीच्या लाह्यांसारखे पांढरे. हसणारे वाकून बघायला लागले.

गुरुसिद्धप्पांनी धोतराचा सोगा भिजवून घोंगड्यावर घासला. पांढराच राहिला. थप्पीतली आणखी चार काढून घासली. सोगा तसाच.

"ते भिजलेलं तेवढं ठेवा," ते म्हणाले, "बाकी सगळी बांधा."

सिदूनं पटका उचलला, झटकला, बांधायला डोक्यापर्यंत नेला आणि परत खाली ठेवला. बोडक्या डोक्यानं चारचौघांत बसायचं म्हणजे त्या काळी अब्रूचं खोबरंच. पण सिदू बसला. मान ताठ करून, शेजारी घोंगडं आणि वर डोकं, दोन्ही उन्हाला वाळवत बसला.

ऊन कललं तेव्हा एक म्हातारी आली. घोंगड्यावर हात फिरवून बघितला, केराबाईकडं बघितलं, सिदूच्या डोक्याकडं बघितलं.

"बाबा, लेक का ही तुमची?"

केराबाई हसली. पदर न लावता, सगळे दात दाखवून हसली. "मालक हायती माजं," ती म्हणाली.

सिदूनं पांढऱ्या मिशीला पीळ दिला.

"काळं हाय ते मेंढराचं आन् पांढरं हाय ते माजं. दोन्ही घरचं हाय, म्हातारे. धुऊन बग!"