अगदी फोनसारखं

घडी घातली की हुबेहूब मोबाइल दिसणारं पिस्तूल माझ्या नवऱ्याने, हार्लनने आणलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. पण खिशात बाळगायला ते भरवशाचं आहे की नाही, याची त्याने महिनाभर परीक्षा घेतली. नेमबाजीच्या रेंजवर गोळ्या झाडताना ते एकदाही अडकलं नाही. मग या रविवारी शर्टाच्या खिशात घालून तो चर्चमध्ये बसला, तर पाद्रीबाबाच त्याच्यावर ओरडले, "हार्लन, देवाच्या दारात तरी तो फोन बंद कर!"

हार्लनने मला डोळा मारला आणि दुसऱ्या खिशातल्या खऱ्या फोनचा आवाज बंद केला.

"बघितलंस, नॅडीन? पाद्रीबाबासुद्धा फसले. पिस्तूल पास!" घरी परतताना त्याचं हेच चाललं होतं. तेवढ्यात मागचा दिवा लागत नाही म्हणून एका पोरसवदा पोलिसाने आमची गाडी अडवली. आमच्या नॉर्थ कॅरोलिनात अशा वेळी जवळच्या हत्याराचं आपण होऊन सांगावं लागतं. हार्लनने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि अदबीने सांगितलं, "साहेब, माझ्या शर्टाच्या खिशात पिस्तूल आहे. परवाना आहे. फक्त, ते अगदी फोनसारखं दिसतं."

त्या पोराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने स्वतःचं पिस्तूल उपसून हार्लनवर रोखलं. "हात हलवायचे नाहीत!"



तेवढ्यात दुसऱ्या खिशातला खरा फोन आवाज न करता थरथरला, आणि हार्लनचा हात सवयीने तिकडे गेला.