राजपुत्र उठून बसतो

“शुद्ध फसवणूक आहे ही,” पियुष म्हणाला.

तो काचेच्या पलीकडे बसला होता, कल्याणीबाई अलीकडे. दोघांच्या कानाला तारेने बांधलेला एकेक फोन. येरवड्याच्या तुरुंगातली भेट.

“फसवणूक कसली? मला बरी वाटली कादंबरी.”

“राजपुत्र लढाईत मरतो. अख्खं राज्य शंभर पानं रडतं. मग कुठला तरी म्हातारा जादूगार येतो, मंत्र पुटपुटतो आणि हा उठून बसतो! मंत्र येत होता तर शंभर पानं काय झोपला होता? लेखकाला पुढचा भाग काढायचा होता, दुसरं काय.”

“जादूची गोष्ट आहे, त्यात जादू असणारच.”

“असू दे की. ड्रॅगन बोलू देत, डोंगर चालू देत, माझं काही म्हणणं नाही. पण मेलेला माणूस मेलेलाच राहतो. तेवढं तरी खरं ठेवायचं.”

बोलून गेल्यावर तो काचेवरचा कसला तरी डाग नखाने खरवडू लागला.

“मला तेच पान सगळ्यात आवडलं,” कल्याणीबाई म्हणाल्या. “दोनदा वाचलं.”

खरं तर साठीपर्यंत त्यांनी कादंबरी म्हणून हातात धरली नव्हती. वाचणारा त्यांचा मुलगा. उजवा हात ताटात, डावा पुस्तकावर. पानात काय वाढलंय याचा पत्ता नसायचा. आणि जेवता जेवता तावातावाने मतं. ही लेखिका पात्रांना फार जपते, या तिसऱ्या भागात नुसता नकाशा फिरवलाय. कल्याणीबाई आमटी वाढत “हो का” म्हणायच्या आणि दुधाचा विचार करायच्या.

घर गप्प झालं तेव्हा त्यांना कळलं, त्या बडबडीशिवाय आपल्याला घास उतरत नाही. एका दुपारी त्यांनी मुलाचं कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरचं पहिलं पुस्तक काढलं. वाचून झाल्यावर ते पिशवीत घालून धायरीहून स्वारगेट आणि तिथून येरवडा, असं दोन बस बदलून नेलं. तपासणी होऊन ते पियुषच्या हातात पडलं. पुढच्या भेटीत पहिल्यांदाच दोघांना बोलायला काही सापडलं. कपाट वाचून संपलं तसं त्या बुधवार पेठेतल्या दुकानांतून नवी पुस्तकं आणू लागल्या. दुकानदाराला वाटे, आजी नातवासाठी नेतात.

त्यांचे यजमान बद्रीनाथराव सोबत एकदाही आले नाहीत.

“तुला जायचं तर जा,” त्यांनी सांगून टाकलं होतं. “माझ्यासमोर त्याचं नाव काढू नकोस.”

कोर्टात पियुषने सगळं कबूल केलं होतं. गच्चीवरचं क्षुल्लक भांडण, डोक्यात गेलेला राग, हाताला लागलेला व्यायामाचा डंबेल आणि जागच्या जागी गेलेला मित्र. ते ऐकतानाच बद्रीनाथराव उठून बाहेर गेले. कल्याणीबाई शेवटपर्यंत बसून राहिल्या.

शेजारच्या सरुबाई तर तोंडावर बोलायच्या. “तुझं काळीज हाय का दगूड? त्याचे ते हात बघवत्यात तरी कसे तुला?”

“मी हात बघायला जात नाही, सरुबाई. ऐकायला जाते.”

आताही त्यांनी विषय पुढे सरकवला. “आणि ती दुसरी? खुन्याची?”

“ती चांगली आहे. भाषा साधी, कुठे भाषण नाही. फक्त शेवटी माती खाल्ली.”

“का? उडी मारतो ना तो कड्यावरून?”

“मारत नाही, लेखक ढकलतो त्याला! एवढा मोठा गुन्हा करवून घेतला, आता याचं करायचं काय ते सुचेना. मग दे ढकलून. सोपं झालं.”

“तू काय केलं असतंस?”

“जगवला असता. रोज सकाळी उठवला असता. तोंड धुवायला लावलं असतं, चहा दिला असता. मग लिहून दाखव म्हणावं.”

तो भुवया उंचावून, मोकळा हात हवेत फिरवत बोलत होता. कल्याणीबाईंनी डोळे मिटले. डोळे मिटले की जेवणाचं टेबल समोर येई. आमटीचा वास येई. इतक्या लांब त्या एवढ्यासाठीच तर येत.

“आई, आवरा आता,” मागून शिपाई म्हणाला.

“एक विचारायचं होतं,” पियुष घाईने म्हणाला. तो त्यांना कुठल्याच नात्याने हाक मारत नसे. पहिली काही वर्षं तर तो मान वर करूनही बघत नव्हता. “मला फर्लो मिळेल म्हणतात. थोड्या दिवसांची रजा. पण बाहेर राहण्याचा पत्ता लागतो, आणि जबाबदारी घेणारं माणूस.”

“मग?”

“मला घर नाही राहिलेलं.”

“धायरीचा पत्ता दे.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला धरला. “त्यांना चालेल?”

“नाही चालणार. मी बघते काय ते.”

“मी बाहेर हॉलमध्ये झोपेन. कुठेही झोपेन.”

शिपायाने पुन्हा हाक दिली. कल्याणीबाईंनी खुर्ची मागे सारली, पण फोन ठेवला नाही. प्रवासाने दमलेलं त्यांचं तोंड काचेच्या अगदी जवळ आलं.

“हॉलमध्ये कशाला? अभिनवची खोली आहे की,” त्या म्हणाल्या. “माझ्या लेकाला तू मारलंस, त्या दिवसापासून तिथे कुणी झोपलेलं नाही.”