खोडरबर

वकिलीच्या सनदेच्या परीक्षेत कायद्याचं पुस्तक जवळ ठेवायची मुभा होती, पण त्यात पेन्सिलीची रेघसुद्धा चालत नव्हती. पर्यवेक्षकांनी वहिनीचं पुस्तक चाळलं. एका कलमाशेजारी सापडलं, ‘हे येणारच.’ अक्षर मागच्या बाकावरच्या नणंदेचं होतं. आदल्या संध्याकाळी वहिनी शेजारीच खोडरबर घेऊन बसली असताना ‘नंतर खोडू’ म्हणत नणंदेनं ते खरडलं आणि साफ विसरली. “कुणी लिहिलं?” नणंदेनं आपल्या पुस्तकात डोकं खुपसलं. “मीच,” वहिनी म्हणाली. पुस्तक जप्त झालं, नेमका त्याच कलमावर प्रश्न आला. आज निकाल लागला: नणंद पास, तिला शिकवणारी वहिनी नापास. “एका ओळीपायी वर्ष घालवतात, हा कुठला न्याय?” वहिनीकडे न बघता नणंद तणतणली. “जाऊ दे गं. आता तुझं पुस्तक दे,” वहिनी म्हणाली. “ते कोरं आहे, त्या संध्याकाळी मीच खोडलंय.”