मधलं कुंपण

थोरली आणि धाकटी, दोघी सख्ख्या जावा. घराला घर लागून, पण उन्हाळा लागल्यापासून एकमेकींशी अवाक्षर नाही. रोजच्या धुसफुशीला कंटाळून शेवटी दोघींच्या नवऱ्यांनी मागच्या अंगणात मधोमध लाकडी कुंपण घालायला सुतार बोलावला आणि दोघे भाऊ कामावर निघून गेले.

ऊन असं की फळीला हात लावला तरी चटका बसावा. म्हणून सुतारानं आधी हद्दीवरच चार खांब रोवले आणि वर पट्ट्यांचं छप्पर टाकून सावली केली. कुंपण वीतभरही आपल्याकडे सरकू नये म्हणून थोरली तिथं पहाऱ्याला बसली. ते बघून धाकटीही खुर्ची घेऊन आली.

"हिला सांगा, जरा सरकून बस म्हणावं," थोरली सुताराला म्हणाली.

"यांना सांगा, ऊन माझ्याही डोक्यावर आहे."

सुतारानं तोंडातले खिळे हातात घेतले. "वहिनी, तोंडात खिळे धरून निरोप सांगता येत नाहीत. तुमचं तुम्हीच बोला."

दोघींना एकदमच हसू फुटलं. मग नवऱ्यांच्या घोरण्यावरून सुरू झालेल्या गप्पा काही थांबेनात.

संध्याकाळी भाऊ परतले, तर छपराच्या चारही बाजूंनी कुंपण उभं, कडी आतून लावलेली आणि आत नुसता खिदळण्याचा आवाज.

"अगं, कुंपण मधे घालायचं ठरलं होतं ना?" थोरल्या भावानं बाहेरून विचारलं.



"मधेच आहे की, भावजी," धाकटी आतून म्हणाली. "तुमच्या आणि आमच्या."