धबधब्यापाशी मासे नसतात

“तिथे मासे नाहीत,” वाटाड्या पुन्हा म्हणाला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि तेही हिला. कारण ज्याला सांगायचं तो हिचा नवरा छातीपर्यंत रबरी विजार चढवून नदीत उभा होता. धबधब्याच्या अगदी तोंडाशी, इकडे पाठ करून.

“त्यांना तिथेच आवडतं,” ती म्हणाली. आणखी काय सांगणार? त्या गोंगाटात बायकोचं बोलणं कानावर पडत नाही म्हणून आवडतं, हे परक्या माणसाला सांगायचं म्हणजे घरची लक्तरं वेशीवर टांगायची.

लेकीने हौसेने दोघांना परदेशी पाठवलं होतं. राजवाडे होते, बागा होत्या, बोटीतून फेरफटका होता. त्यातून या गृहस्थाने निवडलं काय, तर फ्लाय फिशिंग. पिसांची खोटी माशी गळाला बांधायची, ती पाण्यावर नाचवत बसायचं, आणि चुकून मासा लागलाच तर त्याला परत सोडून द्यायचं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय. बरं, जन्मात कधी गळ हातात धरलेला नाही. उभं आयुष्य छापखान्यात गेलेलं, यंत्रांच्या खडखडाटात.

ती काठावर घडीच्या खुर्चीत थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. निवृत्त झाल्यावर तरी हा माणूस आपल्या वाट्याला येईल, असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. आधी मित्रांचा कट्टा सुटला, मग लग्नकार्यांना जाणं. फोन वाजला की “तूच बोल” म्हणून तो तिच्या हातात द्यायचा. टीव्ही मात्र एवढा मोठा लावायचा की स्वयंपाकघरातून मारलेली हाक दारातच विरून जावी. काहीही सांगा, वर बघून हसायचं आणि “हो, हो” म्हणायचं. त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान हसत तरी नाही.

आज सकाळी हॉटेलात नाश्त्याला ही गर्दी होती. कपबशा खणखणत होत्या. कित्येक दिवस मनात घोळवलेलं तिने तिथेच विचारून टाकलं.

“परत गेल्यावर मी माझ्या ताईकडेच राहायला जाऊ का? कायमची?”

त्याने पावावर लोणी लावता लावता वर पाहिलं आणि हसला. “हो, हो. छान होईल.”

तिला फक्त एक ‘नको’ हवं होतं. तेवढ्यावर तिने उरलेलं आयुष्य काढलं असतं. तिने चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

आणि इथे बघा. धबधब्यापाशी आवाज पोचत नाही म्हणून वाटाड्या त्याच्याशी हातांनी बोलत होता. हात वर केला की गळाचा दोर ओढ, तळहात आडवा धरला की थांब. याने त्या खुणा चटकन उचलल्या. एक खूण चुकली तेव्हा दोघं पोट धरून हसले. नवऱ्याला असं हसताना तिने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. तिला त्या वाटाड्याचा चक्क मत्सर वाटला.

दुपारी वाटाड्याने त्याला दंडाला धरून खालच्या डोहाकडे नेलंच. इथे पाणी अगदी शांत होतं, टाचणी पडली तरी ऐकू यावी असं. वाटाड्या पलीकडच्या काठावर नवी माशी बांधत बसला. नवरा गुडघाभर पाण्यात उभा राहिला, पण त्याचा चेहरा पडला होता. सारखा वळून वर धबधब्याकडे बघत होता. आता बायको बोलली तर सबब उरणार नाही ना, तिच्या मनात आलं.

तिने बूट काढले आणि ती पाण्यात उतरली. पाणी बर्फासारखं होतं. दोराच्या टप्प्याबाहेर, त्याच्या डाव्या अंगाला, जरा मागे ती थांबली.

“अहो, मी खरंच चालले ताईकडे. एकदा तरी नको म्हणा.”

पलीकडच्या काठावर वाटाड्याने मान वर केली. त्याला यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्याने पाहिलं. नवऱ्याची मान हलली नाही. त्याने सावकाश दोर मागे घेतला आणि पुन्हा टाकला.

ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने. झुडपातला पक्षी उडाला. नवरा पाण्याकडेच बघत राहिला.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. ती तरातरा पुढे गेली, तशी तिची सावली त्याच्यासमोर पाण्यावर पडली. तो इतका दचकला की गळाची काठी हातातून सुटता सुटता राहिली.

“अगं, तू कधी आलीस?”

तो नको तेवढ्या मोठ्याने बोलला होता. आणि तो तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हता, ओठांकडे बघत होता. घरीही तो असाच बघायचा. ही गप्प कधी बसते याची वाट बघतोय, असं तिला वाटायचं.

“सकाळी मी तुम्हाला काय विचारलं होतं?” तिने हळूच विचारलं, एकेक शब्द सुटा करून.

तो हसला. त्याच्या ओठांवर “हो” आलं आणि तिथेच थांबलं. मग हसूही ओसरलं. त्याने शांत पाण्याकडे पाहिलं, वाटाड्याकडे पाहिलं, आणि शेवटी तिच्याकडे.

“आपण परत वर जाऊ या का?” तो म्हणाला. “तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही.”