शुक्रवारचा फोन

प्राचीला मुलगी झाली ते वर्ष. मालन लेकीच्या बाळंतपणाला कुडाळला गेली होती आणि इकडे लालबागच्या खोलीत तिचा नवरा वारला. शनिवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं. डॉक्टरने हृदयाचा झटका लिहून दिला.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी पुतण्या निलेश एक छोटं यंत्र घेऊन आला. त्याने ते फळीवर, देवांच्या शेजारी ठेवलं.

"काकी, काकांची जुनी रेकॉर्डिंग यात भरलीत. कालच बनवून घेतलं. काहीही विचारा, त्यांच्या आवाजात उत्तर देतं."

मालनने पलंगावरच्या उशीकडे पाहिलं. तिने भरतकाम केलेला अभ्रा उशीवर नव्हता. कुडाळहून आल्यापासून ती तो शोधत होती.

"चहा टाकू?" तिने यंत्राला विचारलं.

"टाक, मालन," नवऱ्याचा आवाज आला. "आणि खोली निलेशच्या नावावर कर. तो सांभाळील तुला."

दाराशी पेपर वाचत बसलेल्या अजितने मान वर केली. तो शेजारचा हवालदार. मालननेच त्याला थांबवून घेतलं होतं.

निलेशने सहीचा कागद पुढे केला. "शुक्रवारी तुम्हाला कुडाळला फोन केला तेव्हा पण हेच बोलले ना काका? मी तर गुरुवारीच पुण्याला गेलेलो."

"हेच बोलले," मालन म्हणाली. "'मालन, खोली निलेशला दे.' प्राचीसमोर लाजले मी. जन्मात पहिल्यांदा ह्यांनी नावाने हाक मारली. रात्रभर झोप नाही आली आनंदाने."

"मग?"

"एरवी 'अगो' म्हणायचे. आमच्यात नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत."

निलेश हसला. "काय काकी. आता सगळेच घेतात."

"तुम्ही आजची पोरं घेता. म्हणून ह्या डब्याला तू तेच शिकवलंस. काल बनवला म्हणतोस, मग शुक्रवारी मला मालन कोण म्हणालं?"

निलेश कागदाची घडी घालू लागला. ती नीट बसेना.

"आणि ज्या उशीने ह्यांचं तोंड दाबलंस, तिचा अभ्रा कुठे टाकलास?"

अजित उठून उंबऱ्यात उभा राहिला. "काकी, जबाब लिहावा लागेल. मयताचं नाव तुम्हीच सांगायचं."

मालनने डोक्यावर पदर घेतला.

"कुशाबा," ती म्हणाली. "गुरुवारी वारले. हा पुण्याला निघायच्या आधी."